सगळं हाताशी

भाऊंच्या घराच्या दाराला कडी होती, पण ती मला चार दिवस सापडली नाही. धानोऱ्याच्या शाळेवर बाई म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दार लोटून कडी घालत जा, इथी कुत्रे लय हायेत." आणि ते निघून गेले. मी दाराच्या दोन्ही फळ्या वरून चाचपल्या, मधून चाचपल्या. कडी कुठेच नव्हती. विचारायची लाज वाटली. चार दिवस दाराला माझी पत्र्याची पेटी टेकवून राहिले. पाचव्या दिवशी केसांतला आकडा पडला म्हणून वाकले, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर चांगली जाडजूड कडी माझी वाट बघत होती.

मी तणतणत मागच्या अंगणात गेले. भाऊ सागाच्या फळीवर रंधा मारत होते.

"भाऊ, ही कडी पायाशी का लावली?"

वर न बघता ते म्हणाले, "तुम्ही उभ्यानं पाह्यलं असंल."

म्हणजे चूक माझीच! वर्ध्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मी पहिली आले होते आणि इथे मला दाराची कडी बघता येत नव्हती. मी पाय आपटत परत आले.

भाऊ जंगल खात्याच्या लाकूड डेपोत मोजणीदार होते. ओंडक्याचा घेर मोजायचा, लांबी मोजायची, वहीत लिहायचं आणि बुडाशी शिक्क्याचा हातोडा हाणायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होताना खात्याची मोजपट्टी परत करावी लागली, ते त्यांना फार लागलं म्हणतात. मग त्यांनी एका लांब सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या आणि ती कमरेला गुंडाळली. अंगात खात्याचा जुना खाकी कोट आणि खाली धोतर. समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या हातापायांवरून फिरायची. चेहऱ्याकडे ती शेवटी पोचायची आणि कधी कधी पोचायचीच नाही.

माझंही माप त्यांनी घेतलं. "हात वर करा बाई." केला. "आता बसा. आता लिहितान तसा कोपर ठेवा." ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तो खोलीत बरोब्बर माझ्या हाताच्या उंचीवर दोन खुंट्या, उशाशी कंदिलाचा कोनाडा, आणि भिंतीला एक फळी, जिच्यावर वह्या तपासताना मान दुखत नसे. मला कुणी विचारलं नव्हतं. फळी चुकीची असती तर भांडता तरी आलं असतं. ती इतकी नेमकी होती की मला जास्तच राग आला. आणि एकदा सगळं बसवून गेले ते भाऊ पुन्हा माझ्या खोलीत म्हणून आले नाहीत.

बाकीचं घर मात्र उभ्या माणसासाठी नव्हतंच. मांडणी गुडघ्याला लागायची. पाण्याचे माठ जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. खिडक्या इतक्या खाली की रस्त्यावरून जाणाऱ्याचे नुसते पाय दिसत. गावात त्याला 'बसक्या बाईचं घर' म्हणत. भाऊंच्या बायकोचे पाय लहानपणापासून वळलेले होते. ती बसून, हातांवर सरकत चाले. भाऊंनी ते बघून, जाणून लग्न केलं आणि डेपोतल्या लाकडाच्या तुकड्यांनी हे घर तिच्या मापाचं बांधलं. मी येण्याआधी तीन वर्षं ती वारली होती.

"रानीवानी ठेवली होती भाऊनं," शेजारची भुरीबाई मला कौतुकानं सांगायची. "एका कामासाठी कोनाले हाक माराची गरज नोती तिले."

मलाही ते कौतुकच वाटलं.

खालच्या कडीचा एक तोटा होता, तो मला वार्षिक परीक्षेच्या वेळी कळला. बाहेरून लावायची कडीही तेवढ्याच उंचीवर होती आणि भुरीबाईच्या शेळीला ती शिंगानं उघडता येत होती. मी नाल्यावर कपडे धुवायला गेले तेवढ्यात शेळीनं आत येऊन तिसरीचे गणिताचे पेपर खाल्ले. मी रडकुंडीला आले. भाऊंनी शेळी बघितली, कडी बघितली, सुतळी काढून शेळीच्या शिंगाची उंची मोजली आणि म्हणाले, "हुशार हाये." कडी काही वर सरकली नाही. त्या वर्षी तिसरीचा वर्ग गणितात सरसकट पास झाला.

आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडे येत. कुणाचा झाडावरून पडून पाय गेलेला, कुणाचा हात लुळा, कुणाला बाळंतपणानंतर वाकता येत नाही. भाऊ फुकट करून देत. पण विचारत काहीच नसत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, त्या माणसाला विचारा तरी, त्याला काय पाहिजे."

"इचारलं का मानूस लाजते," ते म्हणाले. "लाजला का खोटं सांगते. म्हनते, नाई नाई, चालते माह्यं. सुतळी खोटं बोलत नाई."

या तत्त्वाची एकदा चांगली फजिती झाली. वरच्या टोल्यावर, म्हणजे वरच्या वाडीत, एक आंधळे गोंड आजोबा राहत. भाऊंनी चार दिवस खपून त्यांच्या झोपडीपासून नाल्यापर्यंत खुंट रोवले, त्यावर दोर बांधला, वळणावर एक गाठ, उतारावर दोन गाठी. महिन्याभरानं आम्ही तिकडून जात होतो तर खुंट उभे आणि दोर गायब. आजोबा अंगणात बसलेले. दोर त्यांच्या म्हशीच्या गळ्यात.

"दोर काऊन सोडला बाबा?" भाऊंनी विचारलं.

"मले वाट मालूम हाये जी," आजोबा म्हणाले. "म्हशीलेच मालूम नाई."

मी हसून हसून खाली बसले. भाऊ हसले नाहीत. परत येताना, पार घराजवळ आल्यावर, ते म्हणाले, "गाठी जवळ जवळ झाल्या असतीन."

असा हा माणूस. मला त्यांची चीड येई आणि त्यांच्यावाचून करमतही नसे. गावातले लोक चांगले होते, पण मी 'बाई' होते. माझ्या वयाच्या बायकांच्या कडेवर दोन-दोन लेकरं होती. "जेवल्या का बाई?" "जेवले." इथे बोलणं संपायचं. शाळा सुटली की मी आणि भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना आपापली चूल पेटवायचो, आपापलं शिजवायचो आणि एकेकटे जेवायचो. त्यांचा रंधा चालू असला की बरं वाटायचं. तो थांबला की मी उगाच एखादं भांडं वाजवायची. सांगायला लाज वाटते, पण हे खरं आहे.

मग चंद्रभागेचं झालं.

चंद्रभागा आमच्याच गल्लीतली सून, बावीस-तेवीस वर्षांची. घरात सासू, नवरा गणपत आणि नुकतं रांगायला लागलेलं तिचं पोरगं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि निम्म्याहून जास्त धान बुडालं. घराघरांत उरली ती लाखोळी. धान कापायच्या सुमाराला त्याच बांधीतल्या चिखलात नुसती फेकली तरी उगवते अशी ही डाळ. वाईट वर्षी गरिबाला तीच तारते. पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर कुणाकुणाचे पाय आखडतात, ते पुन्हा सुटत नाहीत. त्या घरात सगळ्यांनीच लाखोळी खाल्ली होती. बाधली ती चंद्रभागेला. सगळ्यांच्या मागून जेवणारीच्या ताटात भात उरत नाही, डाळच उरते, हे मला तेव्हा समजलं.

थंडी संपता संपता तिला उभं राहता येईना. सासू ओट्यावर बसून भुरीबाईला सांगत होती, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"धानाचा रोवना कोन करन? कांडन कोन करन? माह्ये त गुडघे गेले. बाजाराच्या दिवशी तिचा बाप बैलबंडी घेऊन येऊन राह्यला. जाऊ दे माहेरी."

"आन्‌ पोट्टं?" भुरीबाईनं विचारलं.

"पोट्टं आमचं हाये. ते इथीच राह्यन."

सासू दुष्ट नव्हती. तिनं तरुणपणी नवरा गमावून एकटीनं शेत सांभाळलं होतं. ती थकली होती आणि थकलेल्या माणसाला हिशेब लवकर जमतो. पण आत बसलेल्या चंद्रभागेनं पोराला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडत होतं.

मी भाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि रंधा मारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी कमरेला बांधून ते त्या घरात शिरले.

"काऊन जी भाऊ?" सासूनं विचारलं. भाऊ कशाला उत्तर देतात! ते सरळ चंद्रभागेसमोर उकिडवे बसले, तिचा हात धरून पुढे ताणला, वर ताणला, सुतळी लावली, गाठी मोजल्या. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते गाठींकडे बघत होते.

पाच दिवस त्या घरात ठोकाठोक चालली. माठ खाली आले, आणि कलंडले की पाणी येईल असे लाकडी कण्यावर बसले. स्वयंपाकघराचा आणि परसदाराचा उंबरठा कापला. मग ते पुढच्या दाराच्या उंबरठ्याकडे वळले, तशी सासू आडवी आली.

"हा नाई कापू देनार मी! या उंबऱ्यावरून लक्ष्मी येते!"

"लक्ष्मी चालत येते का सरकत येते, तू पाह्यलं का?" भाऊ म्हणाले.

पण सासू हटेना. भाऊंनी करवत खाली ठेवली. "राहू दे. बाहेर कायले जाते थे? सगळं आत हाये."

आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे ढेकी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. धान कांडायला एक लांब जड लाकूड असतं, मधे कण्यावर टेकलेलं. एका टोकाला मुसळ. दुसऱ्या टोकावर उभं राहून पायानं दाबलं की मुसळ वर जातं, सोडलं की खालच्या उखळात धानावर पडतं. उखळाच्या तोंडाशी दुसरी बाई बसते आणि दोन घावांच्या मधे हात घालून धान सारते. आमच्या गल्लीत ढेकी एकच, भुरीबाईच्या पडवीत. दुपारी तिथे साऱ्या बायका जमायच्या. ते कांडणं कमी आणि बोलणं जास्त असायचं. पाय होते तोवर तिथे सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती चंद्रभागा. आता पायच नाहीत तर ढेकी दाबणार कशी? भाऊंनी तिच्या मागच्या सोप्यात नवी ढेकी बसवली. मुसळाच्या टोकाला दोर, दोर वरच्या बेचक्यातून खाली तिच्या हातात. डाव्या हातानं ओढायचं, उजव्या हातानं धान सारायचं. एकटीनं, बसल्या बसल्या.

गाव बघायला आलं. बाजाराच्या दिवशी तिचा बाप बंडी घेऊन आला, तर लेक धान कांडत बसलेली. सासूच त्याला सांगत होती, "नेऊ नका जी आता. करते थे सगळं." त्या म्हाताऱ्यानं भाऊंचे पाय धरले आणि रिकामी बंडी घेऊन तो परत गेला. पोरगं आईच्या मांडीवर राहिलं.

मला त्या दिवशी भाऊंचा इतका अभिमान वाटला! म्हटलं, "भाऊ, तुम्ही तिचं घर वाचवलंत."

ते म्हणाले, "दोर थोडा आखूड झाला."

शाळेला जाता-येता मी त्या घरावरून जायची. आतून ढेकीचा आवाज यायचा. धप्प, मग थोडं थांबून धप्प. सुरुवातीला ऐकून बरं वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं की त्या आवाजाबरोबर दुसरा कसलाच आवाज नसतो. सासू आणि गणपत पहाटेच शेतावर जात. पोरगंही सासू सोबत नेई, कारण ते रांगत उंबऱ्याबाहेर जातं आणि हिला धावता येत नाही. तेही खरंच होतं. भाऊंनी सोय करण्याआधी शेजारणी घडा भरून द्यायला यायच्या, तिला उचलून परसात न्यायच्या, तेवढ्यात दोन गोष्टी व्हायच्या. आता कोण कशाला येईल? तिचं तर सगळं होत होतं.

"बाई, घडीभर थांबा ना जी," ती उंबरठ्याआतून म्हणायची. मी एकदा थांबले, दोनदा थांबले. मग वह्या होत्या, हेडमास्तर होते, तपासणीला साहेब येणार होते. मी "येते गं" म्हणत पुढे जायला लागले. माझं मलाच कळत होतं की मी लबाडी करतेय. एकटेपणानं मी स्वतः कुढत होते, आणि एक बाई दारात बसून मला हाक मारत होती, तर मला वेळ नव्हता.

असे चार महिने गेले. एक दिवस तिनं हाक मारली नाही. मी आपणहून डोकावले. ती दोर हातात धरून बसली होती, ओढत नव्हती.

"काय झालं गं?"

"काई नाई जी," ती म्हणाली. मग म्हणाली, "माहेरी पाठवलं असतं त बरं झालं असतं. तिथी रडाले माय त होती."

मी तशीच भाऊंकडे गेले आणि मला भांडायचं होतं म्हणून भांडले. म्हटलं, तुमच्या सुतळीला माणसाचा हात कुठवर पोचतो ते कळतं, आत काय होतं ते कळत नाही. तुम्ही तिला घरात बसवलंत आणि गल्लीतून उठवलंत. माझंही त्यात पाप होतं, ते मी बोलले नाही. सगळं त्यांच्या अंगावर टाकलं.

भाऊंनी रंधा खाली ठेवला. मग आतल्या, बायकोच्या बसक्या चुलीकडे हात करून म्हणाले, "थे इथी पडून होती. मी डेपोतून आलो त हात थंडा. पानी हाताशी, भाकर हाताशी, पंखा हाताशी. भुरीबाईच्या आंगनात बाया दिसभर मिरच्या खुडून राह्यल्या होत्या. कोनाले मालूम नाई."

त्यांनी फळीवरचा भुसा झटकला.

"लोक म्हनत, रानीवानी ठेवली," ते म्हणाले. आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच सासूची बोंब ऐकू आली म्हणून मी धावले. भाऊ कुऱ्हाड घेऊन चंद्रभागेची ढेकी तोडायला आले होते! बेचका त्यांनी आधीच उखडून टाकला होता.

"चळला का म्हातारा?" सासू ओरडत होती. "कांडन बंद झालं का आजच सांगावा धाडतो हिच्या बापाले! बोलावतो बंडी!"

"बोलाव," भाऊ म्हणाले. "मी बांधली, मीच तोडन. एकटीनं कराचं नाई. कोनी त आलं पाहिजे इच्यापाशी."

या माणसाला कळत कसं नाही? ढेकी गेली तर तिचं घर जाणार, पोरगं जाणार. गणपत दारात नुसता उभा. आईपुढे बोलायची त्याची कधीच छाती नव्हती. भाऊंनी कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात चंद्रभागा हातांवर सरकत पुढे आली आणि ढेकीवर आडवी पडली.

"भाऊ! मले इचारा ना एक वार!"

कुऱ्हाड वरच राहिली.

"आले तवा सुतळी लावली, मले नाई इचारलं. आज कुऱ्हाड आनली, आजबी नाई इचारलं. घर माह्यं हाये, पाय माह्ये गेले!" ती रडत नव्हती, ती संतापली होती. मी तिला इतकी जिवंत चार महिन्यांत पाहिली नव्हती.

भाऊंनी कुऱ्हाड खाली टेकवली. मग एखाद्या पोरानं पहिल्यांदा वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसे ते चाचरत म्हणाले, "बोल. काय पाहिजे तुले?"

"माह्ये माठ राहू द्या. चूल राहू द्या. लय सोयीचं केलं, खोटं कायले बोलू? पन कांडन मी भुरीबाईच्या ढेकीवर करीन. मी उखळाच्या तोंडाशी बसन. थे बसूनच कराचं काम हाये ना जी!"

खरंच होतं. धान सारणारी बाई बसलेलीच असते. जगात ढेकी आल्यापासून ती बसलेली आहे. रोज जाता-येता मी ते बघत होते, सासू बघत होती, आणि माणसाचं एकूण एक माप घेणाऱ्या भाऊंना ते दिसलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तिचे गेलेले पायच तेवढे बघितले होते.

"मले काऊन नाई सुचलं?" भाऊ पुटपुटले.

"तुमाले दाबनारीच दिसली जी," चंद्रभागा म्हणाली. "सारनारी नाई दिसली."

सासू मात्र व्यवहाराची बाई. "आन्‌ दाबन कोन? साऱ्या बाया रोवन्याले गेल्या."

"तुम्ही दाबा," चंद्रभागा म्हणाली.

"माह्ये गुडघे?"

इथे भाऊंनी सुतळी काढली, सासूकडे वळले आणि मधेच थांबले. सुतळी हातातच राहिली. "तुले धराले काठी पाहिजे का वं? कितीक उंच पाहिजे?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका दिवसात दोन माणसांना विचारलं, याला मी साक्षी आहे.

पुढच्या उंबरठ्यावरून मात्र पुन्हा वाजलंच. चंद्रभागेला बाहेर काढायचं तर तो कापायला हवा आणि लक्ष्मी तर अजून तिथेच होती. शेवटी चंद्रभागेनंच सांगितलं की उंबरठा राहू द्या, दोन्ही बाजूंनी उतरती फळी लावा. फळ्या लागल्या. तळहातांना गल्लीतले खडे टोचू नयेत म्हणून मुठीत धरायचे दोन ठोकळे तिनं मागून घेतले, आणि मूठ केवढी हवी ते स्वतः करून दाखवलं. पहिले ठोकळे जाड झाले, ते तिनं परत केले. दुसरेही परत केले. भाऊ निमूटपणे तिसरे करत बसले.

ती पहिल्यांदा फळीवरून गल्लीत उतरली त्या दुपारी मी शाळेतून पळत आले होते. भुरीबाईच्या पडवीत पोचायला तिला बराच वेळ लागला. कुणी उचलायला पुढे झालं की ती "नको" म्हणायची. ती उखळाशी बसली. सासू आडव्या काठीला धरून ढेकीवर चढली.

ढेकीवर एक गोष्ट असते. दाबणारीला उखळ नीट दिसत नाही आणि सारणारीचा हात मुसळाखाली असतो. रोजच्या जोडीचा ताल बसलेला असतो. या सासू-सुनेचा कसलाच ताल बसलेला नव्हता. सासूनं एकदा दाबलं, मुसळ वर गेलं, आणि पाय सोडायला तिला धीर होईना. मुसळ वरच.

"हात काढला का वं?" तिनं विचारलं.

"काढला."

धप्प.

"काढला का?"

"काढला जी."

धप्प. त्या दुपारी प्रत्येक घावाला सासूनं विचारलं आणि प्रत्येक घावाला सुनेनं उत्तर दिलं. त्यांच्यात वर्षभरात तेवढं बोलणं झालं नसेल. पोरगं भुरीबाईच्या मांडीवर कोंडा खात होतं. संध्याकाळपर्यंत "काढला का" चं "आज भाजी काय कराची" झालं होतं. बंडीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

भाऊ पडवीच्या बाहेर, भिंतीला टेकून ऐकत उभे होते. बायकांच्यात जायचं नाही म्हणून आत आले नाहीत. मी निघाले तसे माझ्याबरोबर चालू लागले. घराशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, थे गेली त्या दिशी तिनं हाक मारली असंल का?"

'नाही मारली' म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं असेल असंही मला वाटलं. पण चंद्रभागेच्या दारातून 'येते गं' म्हणत पुढे जाताना मी पुष्कळ सोपं वागले होते.

"माहीत नाही भाऊ," मी म्हटलं. "मारली असेल."

त्यांनी मान हलवली. "मीबी तिले कधी इचारलं नाई. काय हवं, काय नको." आणि आपल्या बाजूचं दार उघडून ते आत गेले. त्या दिवशी रंधा वाजला नाही. मला भांडं वाजवायचाही धीर झाला नाही.

आठ-दहा दिवस ते कामापुरतेच दिसले. मला वाटलं, मी बोलले ते त्यांच्या जिव्हारी लागलं. लागायलाच हवं होतं, आणि तरी मी रोज स्वतःला शिव्या देत होते.

मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दार उघडलं तर भाऊ. खाकी कोट, हातात एक फुटकं खापर. अडीच वर्षांत खुंट्या ठोकून गेल्यावर पहिल्यांदाच ते माझ्या दारात उभे होते, आणि त्यांची नजर माझ्या हातापायांवर नव्हती, नीट तोंडाकडे होती.

"बाई, चुलीत इस्तो हाये का? थोडा देता का?"

शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जायची तेव्हा रीतच होती, त्यात काही नवल नव्हतं. फक्त त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून भरलेली काडेपेटी अर्धी बाहेर आली होती. मी ती बघितली. मी बघितली हे त्यांनी बघितलं. ते तिथेच उभे राहिले, खापर पुढे धरून.

माझी चूल अजून पेटलेली नव्हती.

"या, बसा भाऊ," मी म्हटलं. "ती काडेपेटी द्या इकडे. पेटवते."